खरखरीमागचा आवाज

आमच्या दादांना कमी ऐकू येई. एका कारखान्यात बॉयलरवर रिबिटे मारण्यात त्यांची तीस वर्षे गेली आणि त्यातच कानही गेले. असे कान आधी बारीक, उंच आवाजांना बहिरे होतात. पाखरांची चिवचिव जाते, घड्याळाची टिकटिक जाते. माणसाचा भरीव आवाज त्या मानाने उशिरा जातो. त्यामुळे गाण्यातले दादांना काही विचारावे, असे आम्हा भावंडांना कधी वाटलेच नाही.

1997 साली थोरल्याने बोनसमधून एक जुना सीडी प्लेअर घरी आणला. दादा मूळचे मिरजेकडचे आणि अब्दुल करीम खाँ हा त्यांचा जीव की प्राण. खाँसाहेब 1937 साली वारले, त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यातच आहे. आम्ही त्यांच्या गाण्यांच्या दोन सीड्या मिळवल्या. कंपन्या निरनिराळ्या, पण 'जमुना के तीर' ही भैरवी दोन्हींवर होती.

पहिली लावली, तर शेजारी कोणी भजी तळावीत तशी खरखर. दुसरी लावली, तर कसे शांत, स्वच्छ! आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "हीच चांगली."

दादा म्हणाले, "ह्यात आवाज हाय, पर मानूस न्हाई. पयली लावा."

थोरला हसून म्हणाला, "दादा, तुम्हाला खरखर ऐकूच येत नाही, म्हणून."

दादा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नसंल येत. पर गाणं येतंय की." आणि त्यांनी कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. लहानपणी गावात चहाच्या एका हॉटेलात फोनो वाजे. आपल्या माणसांना आत जायची सोय नव्हती. आठ-दहा वर्षांचे दादा रस्त्यावर उभे राहून ऐकत. मध्ये टांगे जात, कपबशा आदळत, आतले लोक मोठ्याने बोलत. त्या सगळ्या गलक्यातून खाँसाहेबांचा बारीक, लांबवलेला सूर तेवढा वेचून घ्यायचा.

आम्ही हसायचे थांबलो. दोन्ही सीड्या पुन्हा लावल्या, या वेळी नीट ऐकल्या. दुसऱ्या सीडीत खरखर नव्हती, पण खाँसाहेबांचा श्वासही नव्हता. सूर संपताना हवेत विरत जातो, तसा तो विरत नव्हता. कात्रीने कापल्यासारखा थांबत होता.

याचे कारण पुढे कळले. जुनी 78 फेऱ्यांची रेकॉर्ड एका बाजूला सुमारे तीनच मिनिटे वाजे. ती सीडीवर घेताना आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने घेतले जातात. सीडी आपल्या पदरची खरखर घालत नाही. रेकॉर्डवर जे असते ते इमानाने उचलते. मग गिऱ्हाइकाला नवे वाटावे म्हणून यंत्राने खरखर पुसतात. बेताने पुसली तर ठीक. पण हात जड झाला, की खरखरीबरोबर श्वास आणि सुराची धारही पुसली जाते. आम्ही शांततेला मार्क दिले होते, दादांनी गळ्याला दिले.

तेव्हापासून आम्ही सीडी पारखायची एक रीत धरली. दोन सीड्यांची तुलना करायची, तर आधी दोन्हींचा आवाज सारखा करावा. जी जरा मोठ्याने वाजते ती उगाचच चांगली वाटते. मग सूर कुठे संपतो ते ऐकावे. गवई तार षड्जाला पोचला की आवाज फाटतो का, ते पाहावे. नव्या ध्वनिमुद्रणात गाण्यामागे तंबोरा सतत जाणवला पाहिजे. तबल्याच्या ठोक्यासरशी तो बुडत असेल तर काही बिघडले आहे. जुन्या गाण्यात पट्टीही तपासावी. 78 फेऱ्यांची रेकॉर्ड 82-83 फेऱ्यांनी फिरवून सीडीवर घेतली, तर काळी एकचा गवई पांढरी दोनच्या जवळ जातो आणि गळा पोरकट वाटू लागतो. काही सीड्यांच्या पाठीवर एएडी, एडीडी, डीडीडी अशी अक्षरे असतात. गाणे मुळात टेपवर घेतले की आकड्यांत, एवढेच पहिल्या अक्षरावरून कळते. ते चांगले की वाईट, हे अक्षर सांगत नाही. ते कानानेच ठरवायचे.

दादा 2004 साली गेले. तो प्लेअर बंद पडला. आता नातवंडे मोबाइलवर गाणी ऐकतात, पण पारख तीच लागते. परवा धाकट्या नातवाने तीच भैरवी लावली आणि तोंड वाकडे करून म्हणाला, "किती खरखर आहे यात!"

आम्ही म्हटले, "बाळा, खरखर असू दे. तिच्या पलीकडे कोण गातोय ते ऐक. तुझे पणजोबा दाराबाहेर उभे राहून त्याला ऐकत होते."

त्याने आवाज जरा वाढवला आणि फोन कानाशी धरला.