माडीवरची कुर्डुवाडी

आमच्या नातवानं परवा माझी अब्रू घेतली. मुंबईचे एक परिचित गृहस्थ सहकुटुंब आमच्याकडे आले होते. दार त्यानंच उघडलं. "आजोबा आहेत का घरात?" असं त्यांनी विचारताच चिरंजीव म्हणाले, "आहेत. पण माडीवर गाड्या खेळताहेत. पंढरपूरची गाडी रुळावरून घसरलीय. ती उचलली की येतील खाली."

मी खाली आलो तेव्हा पाहुणे गंभीर चेहऱ्यानं बसले होते. त्यांनी माझ्या प्रकृतीची चौकशी केली आणि मग आवाज उतरवून हिला विचारलं, "हे केव्हापासून?"

"सहा वर्षं झाली," ही म्हणाली. "पण बाकी सगळं ठीक आहे."

सत्तरी ओलांडलेल्या माणसानं पत्ते कुटले तर चालतं, कट्ट्यावर बसून देशाचा कारभार हाकला तर फारच चालतं. पण त्यानं आगगाडी खेळली की लोकांना त्याच्या बायकोची कणव येते. बरं, 'खेळणं' हा शब्दही आम्हांला मान्य नाही. आम्ही गाड्या चालवतो.

आम्ही म्हणजे चौघं. गार्डसाहेब हे आमच्यातले एकमेव खरे रेल्वेवाले. उभी हयात बार्शी लाईटवर, म्हणजे कुर्डुवाडीच्या छोट्या लाईनवर गेलेली. मास्तर गणिताचे, निवृत्त झाले तरी फूटपट्टी खिशातच. अण्णा साखर पेठेतले. घरात तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी. माग दुरुस्त करण्यात हात इतका बसलेला की मोटार नुसत्या आवाजावरून ओळखतात. आणि चौथा मी. माझी पात्रता एवढीच की माझ्या घराला माडी आहे.

या सगळ्याचं मूळ पुण्यात आहे. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या आगगाड्यांचं संग्रहालय १९९८ साली सुरू झालं. एका लग्नाच्या निमित्तानं आम्ही चौघे पुण्याला गेलो असताना मास्तरांनी आम्हांला तिथं नेलं. दिवे लागले, सिग्नल पडले आणि बोटभर उंचीच्या गाड्या वेळापत्रकाप्रमाणे धावू लागल्या. पोरं तर गप्प झालीच, पोरांचे बापही गप्प झाले. एका माणसाच्या हौसेतून एवढं सगळं उभं राहावं, याचं मला फार अप्रूप वाटलं. गार्डसाहेब मात्र सगळं फिरून आल्यावर हळूच म्हणाले, "फार छान. पण यात कुर्डुवाडी नाही."

परतीच्या गाडीत दौंड येईपर्यंत कोणी काही बोललं नाही. दौंडला चहा घेताना अण्णा म्हणाले, "नाही तर करू की ओ. त्यात काय?"

त्यात काय, ते पुढं कळलं.

ही विद्या मुळात मापांची. जगात सगळ्यांत जास्त चालतं ते एचओ माप, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. खरा एकवीस मीटरचा डबा आमच्याकडे वीतभर होतो. ऐकायला हे सोयीचं वाटतं. पण मास्तरांनी पहिल्याच दिवशी हिशेब मांडला आणि आमची तोंडं उतरली. सोलापूर ते कुर्डुवाडी सुमारे ८० किलोमीटर. ते या मापात ९२० मीटर. माझी माडी बारा फूट बाय दहा. सिद्धेश्वर एक्सप्रेस सगळ्या डब्यांनिशी उभी करायची तर तिचं शेपूट जिन्यावरून खाली येऊन शेजाऱ्यांच्या तुळशीपाशी थांबलं असतं. तेव्हा आम्ही सोलापूर सोडलं, मोहोळ सोडलं, माढा सोडला. नुसती कुर्डुवाडी ठेवली, आणि तीही दाबून बसवलेली. सिद्धेश्वरला पाच डबे. अहो, संसारातसुद्धा माणूस हेच करतो.

वेगाचंही तसंच. खरी गाडी ताशी ५० किलोमीटरनं जात असेल, तर आमच्या गाडीनं सेकंदाला सोळा सेंटिमीटर जायचं. नवशिक्याचा हात इथंच सुटतो. तो बटण फिरवतो आणि गाडी उंदरासारखी पळते. गार्डसाहेबांना ते मुळीच खपत नाही. गाडी फलाटावर शिरताना नातवानं जोर केला, की ते शिट्टी काढून खरोखरच फुंकतात. मग खालून हिचा आवाज येतो, "दुपारी झोपू द्या हो लोकांना!"

सोलापूरचं म्हणून एक वेगळंच दुखणं आहे. या गाड्यांना बारा व्होल्टची वीज रुळांतूनच मिळते. रूळ मळला की इंजिन आचके देतं. आणि आमच्या गावात धूळ कमी होती म्हणून की काय, मागांवरून उडणारा कापसाचा भुरकाही आहे. टॉवेलच्या कारखान्यांनी जगाचं अंग पुसलं, पण तो भुरका आमच्या इंजिनांच्या आसांना गुंडाळला जातो. अण्णा भिंगातून बघत चिमट्यानं तो ओढून काढतात आणि म्हणतात, "घ्या. यात एक रुमाल होईल."

उन्हाळ्यात रूळ वाढतात. पहिल्या वर्षी सांध्यात फट ठेवली नव्हती. मे महिन्यात दुपारी फलाट नंबर एकची लाईन धनुष्यासारखी उचलली गेली. खडीसाठी काळ्या दगडाचा भुगा चाळायला मी स्वयंपाकघरातून चहाची गाळणी नेली, त्यावर घरात आठ दिवस अबोला होता. त्याचा तपशील इथं देत नाही.

पण खरं भांडण झालं ते रुळांवरून. आपला सोलापूर जिल्हा याबाबतीत मोठा भाग्यवान होता. तिन्ही रुंदीचे रूळ इथं होते: मुंबई-मद्रासकडची ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, होटगीहून विजापूर-गदगला जाणारी मीटरगेज १०००, आणि बार्शी लाईट ७६२, म्हणजे जेमतेम अडीच फूट. ही शेवटची एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ साली सुरू केली. वाराला तीस पौंडांचा हलका रूळ आणि कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही, असं त्याचं गणित होतं. स्वस्तात, पण पक्की लाईन. पुढं ती १९०६ ला पंढरपूरला, १९११ ला लातूरला आणि १९२७ ला मिरजेला पोचली. हाच गृहस्थ नंतर विमानातून उडी मारायच्या हवाई छत्र्या करत बसला. मास्तरांना त्याच्याबद्दल विलक्षण जिव्हाळा. जणू त्यांचाच एखादा हुशार, जरा चक्रम विद्यार्थी.

बाजारात मिळणारा एचओ रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचा असतो. तो विलायतेतल्या रेल्वेच्या मापाचा. आपली ब्रॉडगेज त्याहून रुंद. तिला सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. आपल्या देशातले बहुतेक हौशी लोक तिकडे काणाडोळा करतात आणि साडेसोळावरच राजधानी पळवतात. आम्हीही तेच करणार होतो. छोट्या लाईनला मात्र नऊ मिलिमीटरचा तयार रूळ अगदी फिट्ट बसतो.

दोन्ही रूळ शेजारी शेजारी मांडले, गाड्या उभ्या केल्या. आम्ही तिघे खूश. गार्डसाहेब खुर्ची ओढून, डोळे रुळांच्या पातळीवर आणून कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "नाही हो. आमची लाईन एवढी मोठी नव्हती."

"साहेब, माप बरोबर आहे," मी म्हणालो.

"माप असेल. पण मोठी गाडी शेजारी येऊन उभी राहिली की आमची गाडी अशी लहान व्हायची, लहान... पोरगं बापाशेजारी उभं राहावं तशी. ही तर थोरल्या भावाशेजारी धाकटा उभा आहे."

मास्तरांनी कागद घेतला. खरा हिशेब असा, की मोठी लाईन छोटीच्या २.२ पट. आमच्या टेबलावर ती १.८३ पटच भरत होती. मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. "चूक माझी आहे," ते म्हणाले. पन्नास वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

सव्वाएकोणीसची चाकं कुठून आणायची? तीन रविवार नुसता वाद. शेवटी अण्णांनी तोड काढली. "सगळी मोठी लाईन कशाला बदलायलात? मालधक्क्याची तेवढी बदला. तिथं काय इंजिन येत नाही, डबे नुसते उभे असतात." कुर्डुवाडीला मोठ्या वाघिणीतला माल पाठीवर घेऊन छोट्या वाघिणीत टाकावा लागे, दोन लाईनी अगदी जवळ येत, त्या तिथंच. अण्णांनी सायकलच्या तारा कापून, टोकं घासून लांब आस केले आणि त्यांवर चाकं सरकवून बसवली. मास्तरांनी आईस्क्रीमच्या काड्या चिरून स्लीपर पाडले. दोन फुटांचा तो तुकडा व्हायला आम्हांला अडीच महिने लागले. गार्डसाहेबांनी पुन्हा खुर्ची ओढली, वाकून पाहिलं आणि उठून खिशातली शिट्टी फुंकली. त्या दिवशी खालून आवाज आला नाही.

फलाट, केबिन, माल चढवणारे हमाल, सगळं गार्डसाहेबांच्या सांगण्यावरून झालं. त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढून दिला होता. खरी छोटी लाईन २००० नंतर टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झाली, आता तिथं जाऊन पडताळायला काही राहिलं नाही. काम करता करता ते सांगत. आषाढीची गर्दी, टपावर बसलेले वारकरी, चढावर इंजिन दमलं की खाली उतरून गाडीबरोबर चालणारी माणसं. मास्तर अधूनमधून विचारत, "कोणत्या साली?" आणि गार्डसाहेब साल सांगत.

गेल्या पावसाळ्यात पाण्याच्या टाकीची पाळी आली. नकाशात ती बार्शीच्या टोकाला होती, आम्ही तिथं बसवली. पुढच्या रविवारी गार्डसाहेब म्हणाले, "टाकी इकडे कशी? ती पंढरपूरच्या टोकाला." आम्ही हलवली. तीन आठवड्यांनी ते म्हणाले, "अहो, बार्शीकडे पाहिजे ना!" मास्तर काही बोलणार तोच अण्णांनी त्यांच्या पायावर पाय दिला.

त्याच आठवड्यात वहिनी हिच्याकडे आल्या होत्या. म्हणाल्या, "घरी मुलांची नावं चुकतात आता. धाकट्याला थोरल्याच्या नावानं हाक मारतात. रविवारी मात्र पहाटे पाचला उठून आंघोळ करून बसतात. ड्यूटी आहे म्हणतात. तुम्ही लोक कंटाळू नका हो."

दिवाळीच्या आधी मास्तर एकदा मधल्या वारीच आले. माडीवर न जाता ओसरीवर बसले. खिशातून पाकीट काढलं. कोणाच्या तरी जुन्या आल्बममधला लग्नाच्या वऱ्हाडाचा फोटो, कुर्डुवाडीचा छोटा फलाट, आणि मुंडावळ्या बांधलेल्या नवऱ्यामुलाच्या डोक्यामागं स्वच्छ दिसणारी टाकी.

"दोन्हीकडे नाही," मास्तर म्हणाले. "तिसरीकडेच आहे."

मी फोटो बराच वेळ पाहिला. मास्तरांनी तो घेतला, पाकिटात घातला, पाकीट खिशात ठेवलं. फूटपट्टी होती त्याच खिशात. "चहा टाकायला सांगा," म्हणाले. तो फोटो पुन्हा बाहेर आला नाही, मीही विचारलं नाही.

काल रविवार होता. सिग्नलला रंग देऊन झाला, फलाटावर दिवे लागले. अण्णांनी येताना शेंगाची चटणी नि कडक भाकरी आणली होती. गार्डसाहेबांनी गाडीला हिरवा कंदील दाखवला, ती वळणावरून हळूहळू, सेकंदाला सोळा सेंटिमीटरनं फलाटाला लागली. मग ते टाकीजवळ थांबले, तिच्याकडे बघत राहिले.

"अण्णा, ही जरा..."

"बोला की साहेब," अण्णा म्हणाले आणि त्यांनी टाकी उचलली. तिच्या पायांना त्यांनी डिंक लावलेलाच नाही.