सोळाशेच्या आतले

‘१६०० रेटिंगच्या आतील खेळाडूंसाठी’ असं बुद्धिबळ स्पर्धेच्या पत्रकावर छापलेलं दिसलं की मला मनापासून बरं वाटतं. चाळिशीत या खेळाकडे वळलेला बँकेतला कारकून किंवा तालुक्याच्या गावाहून पहाटेची एसटी धरून आलेला मुलगा, यांना आपल्या जोडीचं कुणीतरी भेटणार असतं. खुल्या स्पर्धेत स्विस पद्धतीने पहिल्याच फेरीत यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी खेळतो. तिथे नवख्याची गाठ थेट मुरलेल्या खेळाडूशी पडते.

पण या गटातही कधीकधी तेच घडतं. नवखा चाल करतो, घड्याळ दाबायला विसरतो, मग दचकून दाबतो. कागदावर चाल चुकीच्या रकान्यात लिहितो, खोडतो. समोरचा मात्र पहिल्या दहा-बारा चाली झरझर खेळून हॉलमध्ये फेरी मारून येतो आणि पुढे हत्ती-प्याद्यांच्या शेवटात एका जादा प्याद्यावर शांतपणे डाव काढतो. अशी सफाई सोळाशेच्या आतली नसते. शेजारच्या पटांवरच्या जाणत्यांना ते लगेच दिसतं.

नवखा हरायला तयार होऊनच आलेला असतो. बरोबरीच्या माणसाकडून हरला तर घरी जाऊन डाव मांडतो आणि त्याला आपली चूक सापडते. फार वरच्या खेळाडूने हरवलं तर डाव नेमका कुठे सुटला हेच उमगत नाही. खेळ सुटतो तो इथे, असं मला वाटतं.

कमी रेटिंगच्या आड असलेल्या अशा सगळ्या तयार खेळाडूंना एकाच मापाने मोजू नये. महामारीत पटावरच्या स्पर्धा बंद होत्या, मुलं ऑनलाइन खेळून तयार होत राहिली आणि त्यांचं रेटिंग मागेच राहिलं. त्यात त्यांचा काय दोष? १ मार्च २०२४ ला फिडेने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने, २००० च्या खालच्या सगळ्यांचं रेटिंग वर उचललं आणि सर्वांत खालची पायरी १००० वरून १४०० वर नेली. त्या हिशेबाने आजचे १६०० म्हणजे पूर्वीचे जेमतेम १३३३. नवख्यांचा गट आता दोनशे गुणांच्या पट्टीत मावतो, म्हणून तो जपायची गरज जास्त आहे.

रोख बक्षिसासाठी मुद्दाम हरून रेटिंग खाली आणणारा मात्र नवख्याच्या ताटातलं खातो. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेत खेळाडूचं रेटिंग त्याच्या सर्वोच्च रेटिंगच्या साधारण दोनशे गुण खालीच अडवलं जातं, त्यापलीकडे घसरत नाही. ही तजवीज मला न्याय्य वाटते.

आपल्याकडे संयोजकांना त्यासाठी कुणाची वाट पाहायला नको. प्रत्येक खेळाडूचं महिन्यागणिक रेटिंग फिडेच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. पत्रकात एवढंच छापा: प्रवेशासाठी गेल्या दोन वर्षांतलं सर्वांत वरचं रेटिंग धरलं जाईल. आणि प्रशिक्षकांनो, पालकांनो, मुलाने हा गट एकदा जिंकला की पुढच्या वेळी त्याचं नाव वरच्या गटात घाला, तिथे बक्षीस मिळालं नाही तरी.