दात्यांचा हिशोब

प्रयोगशाळेत गिअरच्या पेटीवर ॲक्सिलरोमीटर चिकटवून पहिला आलेख काढला, तेव्हा मला मालेगावच्या आमच्या गल्लीतले जॉबरचाचा आठवले. यंत्रमागातलं कुठलं चाक बिघडलंय ते चाचा नुसतं ऐकून सांगायचे.

हिशोब सोपा आहे, मंडळी. मागाची क्रँकशाफ्ट मिनिटाला १५० वेळा फिरते असं धरा, म्हणजे सेकंदाला अडीच वेळा. तिच्या चाकाला ४० दाते असतील तर दात्याला दाता सेकंदाला १०० वेळा भिडतो. आलेखात १०० हर्ट्झवर सुळका दिसतो. एक दाता तुटला की त्याच्या दोन्ही अंगांना अडीच-अडीच हर्ट्झवर छोटे सुळके उगवतात. खालच्या शाफ्टचं चाक दुप्पट दात्यांचं, निम्म्या वेगाचं. तिथला दाता तुटला तर हे अंतर सव्वा हर्ट्झ. म्हणजे आलेख चोर दाखवतो. चाचा तेच ठोक्यांच्या अंतरावरून ओळखायचे.

पण मागावर खरा गोंगाट गिअरचा नाहीच, धोट्याला बसणाऱ्या फटक्यांचा. अशा आवाजात वर्षं काढली की कान आधी जातात ते ४००० हर्ट्झच्या आसपास. तुटक्या दात्याचा जाड ठोका ऐकू येत राहतो. बोलण्यातले 'स', 'फ' मात्र हरवतात. चाचांचंही तसंच झालं. माग कळायचा, नातीचं बोलणं कळायचं नाही.

आम्हाला प्रयोगशाळेत कानांवर मफ लावायला सांगत. चाचांना कुणी सांगितलं नाही.

असो. तुमच्या घरी कुणी मागावर काम केलं असेल, तर टीव्ही मोठ्याने लावतात म्हणून चिडू नका. आधी त्यांचे कान तपासून आणा.