तात्पुरते वास्तव्य

बदलीच्या नोकरीत माणसाला एका शब्दाची सवय होऊन जाते : ‘तात्पुरते’. क्वार्टर तात्पुरते, मुलांची शाळा तात्पुरती, शेजारही तात्पुरताच. या शब्दाचा मला कधी आधार वाटेल, असे गेल्या श्रावणापर्यंत स्वप्नातही आले नव्हते.

त्या पहाटे ताई दिल्लीतील आमच्या दारात उभी राहिली. कडेवर चार वर्षांचा भाचा, हातात एक पिशवी. इंदूरहून ती नेसत्या वस्त्रानिशी निघाली होती. का, ते तिच्या दंडावरील वळांनीच सांगितले. भाचा काही बोलेना. पण कचेरीला निघताना मी कमरेचा पट्टा हाती घेतला, तोच तो कॉटखाली शिरला. दुपारी मेहुण्यांचा फोन आला, “दोन दिवसांत येऊन पोराला घेऊन जातो.”

मी काय केले? कारकुनाने करावे तेच. संध्याकाळी १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाची प्रत घरी आणली. नववे कलम स्पष्ट होते : अज्ञान बालक जेथे सामान्यतः राहते, तेथील न्यायालयालाच अधिकार. “ताई, अर्ज इंदूरलाच करावा लागेल,” मी म्हणालो. लिहिताना आज लाज वाटते. ती एवढेच म्हणाली, “म्हणजे याला पुन्हा तिथेच न्यायचं का रे?”

विधी शाखेतील एका सहकाऱ्याने दुसऱ्या दिवशी मला शहाणे केले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यान्वये पीडित स्त्री जेथे कायम ‘किंवा तात्पुरती’ राहत असेल, तेथील दंडाधिकाऱ्याकडेही अर्ज करता येतो. मुलाचा तात्पुरता ताबा आईला देता येतो. निकड दिसल्यास शपथपत्रावर एकतर्फी आदेशही निघतो. अमेरिकेतील १९९७ च्या नमुना कायद्यात तर, संकटातील मूल ज्या राज्यात सापडेल तेथील न्यायाधीशाने त्याला तात्पुरते संरक्षण द्यावे, आणि मुलाच्या मूळ राज्यात खटला चालू असेल तर तेथील न्यायाधीशाशी तत्काळ बोलून घ्यावे, असे आहे. आपल्याकडे दोन कचेऱ्या बोलतात त्या स्मरणपत्रांतून! असो.

ताईच्या वास्तव्याचा पुरावा म्हणून माझ्या क्वार्टरचे वाटपपत्र जोडले. तिसऱ्या दिवशी आदेश हाती आला. मेहुणे आले, तो वाचून परत गेले. पालकत्वाचा मूळ दावा त्यांनी इंदूरला लावला आहे. तेथे तारखा पडत आहेत.

भाचा आता मला ‘मामा’ म्हणून हाक मारतो. पट्टा मात्र मी अजून न्हाणीघरात जाऊनच बांधतो.