पणजोबांच्या नावापुढचा 'बुवा'

चि. ओंकार यास,


कीर्तनाच्या जुन्या पत्रिकेवर पणजोबांच्या नावापुढे 'बुवा' पाहून तू विचारलंस, "आत्या, ते बुवाबाजी करायचे का?" नाही रे बाबा! मराठी बातम्यांतून तुझ्यापर्यंत हा शब्द एवढ्याच अर्थाने पोचतो, त्याला तू काय करणार.

देवाधर्माचं चार लोकांना सांगणाऱ्याला आदराने बुवा म्हणत. असेच एक विष्णुबुवा ब्रह्मचारी, मूळचे गोखले. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी त्यांनी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातले. पुढे १८६७ साली राज्यकारभारावर निबंध लिहून जमीन सगळ्यांच्या सामाईक मालकीची असावी, असं मांडलं. मार्क्सच्या 'कॅपिटल'चा पहिला खंड त्याच वर्षी निघाला, म्हणजे बघ! गाणाऱ्यांनाही हाच मान मिळाला: भास्करबुवा बखले, रामकृष्णबुवा वझे.

मग बिघडलं कुठे? दगाबाजीतला 'बाजी' त्याला येऊन चिकटला. भोंदूंच्या लीलांवर अत्र्यांनी 'बुवा तेथे बाया' हे नाटकच लिहिलं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला, तेव्हा तर हा शब्द रोजच कानावर पडायचा. गंमत म्हणजे असे भोंदू स्वतःला बुवा क्वचितच म्हणवतात. ते बाबा असतात, महाराज असतात, स्वामी असतात. बदनामी मात्र बुवाच्या वाट्याला. मला तरी हा अन्याय वाटतो.

वारकऱ्यांतही आता 'महाराज'च रुळलंय. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था १९१७ साली काढणारे विष्णुबुवा जोग आज बहुतेकांच्या तोंडी जोग महाराज आहेत. पत्रिकेवर नावाआधी ह.भ.प., म्हणजे हरिभक्त परायण, आणि नंतर महाराज. बाकी "मला नाही बुवा ठाऊक" असं तुझी आई दिवसातून कितीदा म्हणते, तिथे कुणी साधू नसतो हे तुला माहीत आहेच.

गणपतीत येशील तेव्हा कोकणात डबलबारी ऐकायला जाऊ. दोन भजनी बुवा समोरासमोर बसून एकमेकांना गाण्यातून चिमटे काढतात. तिथे गाणाऱ्याशी बोलायची वेळ आली, तर बिनधास्त 'बुवा' म्हण.

तुझी,
आत्या