हंसराज

आमच्याकडे पावसाळ्यात ओल्या दरडींवर अन् विहिरीच्या चिऱ्यांतून हंसराज उगवतो. काळ्या, चकचकीत देठाचा हा नेचा. याला ना फूल, ना बी! पानांच्या दुमडलेल्या कडांखालचे बीजाणू वाऱ्यावर जातात. ते कुठे पडतील याचा नेम नाही. म्हणून त्याची आणखी एक रीत आहे. पानाचा लांब शेंडा वाकून मातीला टेकतो, तिथे मुळे फुटतात, नवे रोप उभे राहते. पुढे मधला देठ वाळून जातो.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. "शिकलास की आम्हांला विसरशील," आई म्हणते. रोप आपल्या मुळांवर उभे राहीपर्यंत त्याला अन्न जुन्या देठातूनच मिळते, एवढे मी तिला सांगतो. देठ वाळतो, हे सांगवत नाही.