आधी पट्टा, मग यादी

शनिवारी सकाळी कोलंबसमधल्या कुठल्याही मोठ्या किराणा दुकानात शिरलं की दर दोन-तीन ट्रॉल्यांमागे एकीत तरी मूल दिसतं. ओहायोचं हे शहर गाडीवर चालणारं आहे. कोपऱ्यावर वाण्याचं दुकान नाही, दारावर भाजीवाली येत नाही, आणि तासाभरासाठी मूल सोपवून यावं अशी शेजारची काकू क्वचितच मिळते. आठवड्याचं सामान एकदम भरायचं आणि पोरांना बरोबर घेऊनच भरायचं, हा इथला रिवाज. त्यामुळे ट्रॉलीतलं मूल हे इथल्या संसाराचं रोजचं दृश्य आहे.

पण ही मुलं बसतात तरी कशी? एखादं दांड्याजवळच्या फोल्डिंगच्या सीटवर, भोकांतून पाय बाहेर सोडून नीट बसलेलं असतं. त्यापेक्षा कितीतरी जास्त मुलं मागच्या मोठ्या टोपलीत दुधाचे कॅन आणि ब्रेड यांच्यामध्ये उभी असतात, जाळीला हात धरून पुढे वाकलेली. मोठं भावंड बाहेरून कडेला लटकतं. एखादं खालच्या रॅकवर पालथं पडून फरशी पाहत जातं. आणि अगदी तान्ह्या बाळाची गाडीतली सीट उचलून तशीच सीटच्या जागी वर टेकवलेली असते. बाळ झोपलेलं, आई यादी वाचत पुढे. हे शेवटचं दृश्य पाहिलं की माझ्या पोटात गोळा येतो.

आमच्या सोसायटीत एका तरुण जोडप्याकडे साताऱ्याहून आजी आल्या होत्या. जानेवारीचे दिवस होते. त्यांच्याबरोबर मीही दुकानात होते. सुनेनं नातवाला उचलून सरळ टोपलीत उभं केलं, तशा आजी थबकल्या.

"अगं, बुटांसकट उभा केलास त्याला? त्यातच कोथिंबीर ठेवायचीय ना?"

"आई, इथे सगळेच बसवतात."

"सगळे बसवतात म्हणून चिखल काय चिखल राहत नाही?"

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. "काकू, तुम्हीच सांगा आईंना." मी आजींची बाजू घेतली आणि आजही घेईन. इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. पार्किंगमध्ये तो बर्फ, मीठ, गाड्यांचं तेल आणि माती यांचा करडा राडा होतो. तो राडा तुडवत मूल आत येतं आणि त्याच बुटांनी ज्या जाळीवर उभं राहतं, तिथेच पाच मिनिटांनी कुणीतरी सफरचंदं मोकळी टाकतं. अन्न ठेवायच्या जागी पायताण नको, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. ते शिकवण्यामागे सोवळंओवळं जितकं होतं तितकंच शहाणपणही होतं. आपल्यानंतर ती ट्रॉली घेणाऱ्या अनोळखी माणसाचा विचार त्यात आहे, म्हणून मला ते मोलाचं वाटतं.

स्वच्छतेतला खरा धोका मात्र बुटांपेक्षा कोंबडीच्या पाकिटात आहे. इथे कच्चं चिकन पांढऱ्या फोमच्या ताटलीत, वरून पातळ प्लास्टिक ताणून विकतात. कडेचं प्लास्टिक जरा सुटलं की गुलाबी पाणी पाझरतं. ते जाळीच्या तारांवर उतरतं, सीटवर लागतं. शेजारी बसलेलं सात-आठ महिन्यांचं बाळ त्या पाकिटावर हात थोपटतं आणि तोच हात तोंडात घालतं. ही नुसती शंका नाही. अमेरिकेतल्या रोगनियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या, पाहणी-जाळ्यातून तान्ह्या मुलांमधल्या साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर या दोन जिवाणूंच्या संसर्गाचे दोन अभ्यास झाले. 2006 आणि 2007 मध्ये ते प्रसिद्ध झाले. आजारी पडलेल्या आणि न पडलेल्या बाळांच्या घरी काय काय वेगळं होतं हे ताडून पाहताना दोन्ही अभ्यासांत एक गोष्ट वर आली: अगदी लहान बाळ ट्रॉलीत कच्च्या मांसाच्या किंवा चिकनच्या शेजारी बसलेलं असणं. मोठ्या माणसाला जुलाब होऊन निभावतं. काही महिन्यांच्या बाळाला तेच दुखणं रुग्णालयात नेऊ शकतं.

यावरचा उपाय मांसाच्या कपाटाशेजारीच टांगलेला असतो: प्लास्टिकच्या पिशव्यांचं भेंडोळं. पाकीट उचलायच्या आधी पिशवी हातावर उलटी चढवायची, पाकीट धरायचं आणि पिशवी सुलटी करून गाठ मारायची. मग ते मुलापासून लांब, खालच्या रॅकवर. मी मांस सगळ्यात शेवटी घेते, म्हणजे ते बाळाच्या जवळपास कमीत कमी वेळ राहतं.

दांड्याचं म्हणाल, तर तो स्वच्छ नसतोच. ॲरिझोना विद्यापीठातले सूक्ष्मजीवतज्ज्ञ चार्ल्स गर्बा यांनी दुकानांमधल्या ट्रॉल्यांचे दांडे आणि सीट तपासल्या, तेव्हा विष्ठेतून येणारे जिवाणूही त्यांना तिथे सापडले. दात येत असलेली मुलं तोच दांडा चघळतात, हे प्रत्येक आईनं पाहिलेलं आहे. 2020 च्या साथीत दुकानांनी ट्रॉल्या पुसून द्यायला सुरुवात केली. साथ ओसरली तरी दाराशी ओल्या पुसण्यांचा डबा बहुतेक ठिकाणी राहिला, हे चांगलंच झालं. दांडा पुसावा, सीट पुसावी, घरी गेल्यावर मुलाचे हात साबणानं धुवावेत. एवढं केलं की या भीतीचं काम संपलं. जिवाणू सापडले म्हणजे आजार झालाच असं नसतं, आणि अख्खी ट्रॉली निर्जंतुक करण्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

माझी तक्रार पुढेच सुरू होते. हेच आईबाप दांडा तीन-तीनदा पुसतात, कापडी कव्हर घालतात, आणि सीटचा पट्टा मात्र तसाच लोंबता सोडतात. जिवाणूंचं भय प्रत्येकाच्या मनात आहे, पडण्याचं जवळजवळ कुणाच्याच नाही. खरं भय उलट्या बाजूला आहे.

हे सांगणारं सगळ्यात मोठं संशोधन आमच्याच गावात झालंय. इथल्या नेशनवाइड चिल्ड्रन्स हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी 1990 ते 2011 या काळात अमेरिकेतल्या आपत्कालीन विभागांत ट्रॉलीमुळे जखमी होऊन आलेल्या पंधरा वर्षांखालच्या मुलांचा अंदाज मांडला आणि 2014 मध्ये तो प्रसिद्ध केला. आकडा होता 5,30,494. म्हणजे वर्षाला चोवीस हजारांच्या आसपास, दिवसाला 66. यातले 70 टक्के अपघात ट्रॉलीतून खाली पडण्याचे. सर्वाधिक इजा डोक्याला, 78 टक्के. आणि बहुसंख्य मुलं पाचव्या वर्षाच्या आतली. मेंदूला हादरा बसण्यासारख्या, डोक्याच्या आतल्या इजा 1990 मध्ये साडेतीन हजारांच्या घरात होत्या. 2011 मध्ये त्या बारा हजारांच्या वर गेल्या. या आकड्यांतली कितीतरी मुलं आईबापांच्या हाताच्या अंतरावरच असतील, हे वाचताना विसरता येत नाही.

आईचं लक्ष नव्हतं म्हणून पडलं, असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण ही गाडी मुलासाठी घडलेलीच नव्हती. ओक्लाहोमा सिटीत हम्प्टी डम्प्टी नावाच्या दुकानांचा मालक सिल्व्हन गोल्डमन यानं 1937 मध्ये ती आणली. गिऱ्हाइकाच्या हातातली टोपली जड झाली की त्याची खरेदी थांबते, हे त्यानं हेरलं होतं. घडीच्या खुर्चीवरून कल्पना घेऊन त्यानं चौकटीला चाकं लावली आणि वर-खाली दोन टोपल्या बसवल्या. सुरुवातीला कुणी हात लावेना, म्हणून पगारी माणसं ठेवून त्यांना दुकानात ती ढकलत फिरवलं. सामानाच्या सोयीसाठी जन्मलेल्या त्या चौकटीवर पुढे मुलाची सीट आली, आणि ती आली नेमकी सगळ्यात उंच जागी, दांड्याच्या लगत.

आता रिकामी ट्रॉली डोळ्यांसमोर आणा. खालचा पाया अरुंद, पुढची चाकं गरगर फिरणारी, तळाशी काही वजन नाही. वर दहा-बारा किलोचं मूल बसलं की सगळा भार वर जातो. ते उभं राहिलं की आणखी वर. त्यात मोठा भाऊ बाहेरून कडेला लटकला की गाडी त्या बाजूला कलंडते, आणि कलंडताना सावरायला वेळच मिळत नाही. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानानं जड असतं, म्हणून ते पडतं तेही बहुधा डोक्यावर. खाली काँक्रीट किंवा त्यावर चिकटवलेली कडक फरशी. पार्किंगमध्ये उतार असतो, गोठलेल्या बर्फाच्या चाकोऱ्या असतात; पुढचं चाक तिथे अडकलं की ट्रॉली जागीच थांबते आणि मूल पुढे जातं. बाळाची गाडीतली सीट वर टेकवली तर हाच धोका आणखी वाढतो, कारण ती सीट तिथे नीट अडकतच नाही. त्या सीटच्या माहितीपत्रकातही ती ट्रॉलीवर ठेवू नका असं सहसा लिहिलेलं असतं.

2004 मध्ये अमेरिकेत ट्रॉल्यांसाठी सुरक्षेचं एक मानक आलं, तेही ऐच्छिक. पट्टे आणि इशाऱ्याची चित्रं यांवर त्याचा भर. ट्रॉली कलंडू नये, मूल त्यातून बाहेर पडू नये यासाठी हे पुरेसं नाही, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं 2006 मध्ये स्पष्ट लिहिलं, आणि ट्रॉल्यांची घडण बदलेपर्यंत मुलांना त्यात बसवण्याऐवजी दुसरा मार्ग शोधावा असा सल्ला आईबापांना दिला. मानक आल्यानंतरही इजा कमी झाल्या नाहीत, हे 2014 च्या अभ्यासानं दाखवलं. त्या अभ्यासात असलेले डॉ. गॅरी स्मिथ वर्षानुवर्षं हेच सांगत आले आहेत: मुलाची सीट खाली आणा, जमिनीच्या जवळ. काही दुकानांत पुढे मोटारीसारखा डबा जोडलेल्या ट्रॉल्या असतात, मूल त्यात खाली बसतं. पण अशा ट्रॉल्या संख्येनं थोड्या, आणि शनिवारी सकाळी त्या आधीच गेलेल्या असतात.

पट्ट्यांची अवस्था तर पाहवत नाही. ट्रॉलीच्या सीटवर उभ्या मुलावर लाल फुली मारलेलं चित्र असतं, आणि त्याच्याच खाली पट्ट्याचं एक टोक गायब. कुठे बकलमध्ये वाळलेला खाऊ अडकून ते लागत नाही. कुठे पट्टा इतका ढिला की दोन वर्षांचं मूल सहज वर सरकतं. मी जिथे नेहमी जाते तिथल्या व्यवस्थापकाला अशा ट्रॉल्या ओळीनं दाखवल्या होत्या. त्यानं आस्थेनं ऐकून घेतलं, टिपूनही घेतलं. महिनाभरानंतरही पट्टे तसेच होते. चाक बिघडलं तर दुकान ती ट्रॉली बाजूला काढतं. पट्टा तुटला तरी ती रांगेतच राहते. हे बदलायला फार खर्च येत नाही, फक्त कुणीतरी ते आपलं काम मानायला हवं.

मला ठाऊक आहे, दोन मुलं घेऊन एकटीनं खरेदीला जाणाऱ्या बाईला उपदेश करणं सोपं असतं. एकाला कडेवर घेऊन दुसऱ्याचा हात धरला तर दूध कुठल्या हातानं उचलायचं? गावाकडे या प्रश्नाला उत्तर असतं: सासू, नणंद, शेजारीण, कुणीतरी मुलाला पाहतं. इथे ती माणसं नाहीत म्हणून ट्रॉलीच दाई होते. म्हणून मी आमच्या मंडळातल्या तरुण मंडळींना सांगत असते की एकमेकांची मुलं तासभर सांभाळा, आज तुमची, उद्या त्यांची. ऑनलाइन मागवून दुकानाबाहेरून गाडीत सामान घ्यायची सोय बहुतेक दुकानांत आहे, ती वापरायला कमीपणा कसला? तान्हं बाळ छातीशी बांधायच्या झोळीत ठेवा. चालतं मूल असेल तर चालू द्या. वेळ जास्त लागतो, पण त्याला दुकान कळतं. आणि बसवायचंच असेल तर सीटवर, पट्टा लावून, आणि तुमचा एक हात ट्रॉलीवर.

आता पुण्या-नाशकातही रविवारी मोठ्या दुकानांत ट्रॉल्यांची रांग लागते आणि तांदळाच्या पिशव्यांवर पोरं बसलेली असतात. तिथल्या कितीतरी ट्रॉल्यांच्या सीटला पट्टा नसतोच. सरकत्या उतारावरून एका मजल्यावरून दुसऱ्यावर तशीच मुलासकट ट्रॉली नेतात, हे मी गेल्या खेपेला पाहिलं. तिथल्या वाचकांनाही माझी तीच विनंती आहे जी इथल्यांना आहे. ट्रॉली हातात घेतलीत की पहिल्यांदा पट्टा ओढून पाहा. तो तुटका असेल तर ती ट्रॉली परत करा, दुकानदाराला त्याच वेळी सांगा, आणि पट्टा असलेली मिळेपर्यंत मुलाला खालीच उभं राहू द्या.